लाकडावरची खूण कोणाची? चांद्याच्या सागवानाचा इतिहास

१/ शहरी घरांच्या भिंतींवर सध्या जुनाट दिसणाऱ्या लाकडी पाट्या झळकू लागल्या आहेत. करड्या फळीवर कुटुंबाचे नाव, कडेला खिळ्यांची भोके, मध्ये एखादी चीर. जी फळी जुनी नाही, तिलाही मुद्दाम जुनी केली जाते. मात्र एके काळी लाकडावरची प्रत्येक खूण काहीतरी सांगत असे: हे लाकूड कोणी दिले, कोणाच्या स्मरणार्थ उभारले आणि ते कोणाच्या मालकीचे. चांदा-गडचिरोलीच्या सागवानाच्या निमित्ताने या खुणांचा इतिहास. #थ्रेड

२/ आधी कारागिरी. नव्या फळीवर तारेचा ब्रश घासला की मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषा वर येतात. साखळीने ठोकून खड्डे पाडतात. लोखंडी तारेचा चुरा व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी फासले की लाकडातील टॅनिनशी लोहाची प्रक्रिया होते आणि तासाभरात फळी करडी-काळी पडते. पन्नास पावसाळ्यांचा रंग एका दुपारी मिळतो.

३/ खरे वय वेगळ्या मार्गाने येते. सूर्याची अतिनील किरणे लाकडातील लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करडे तंतू उरतात. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहसा लागत नाही. त्यामुळे साग वरून झिजला, तरी आतून दीर्घकाळ टिकतो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे मोल याच गुणामुळे आहे.

४/ हत्यारांच्या खुणाही वाचता येतात. वाकसाने तासलेल्या तुळईवर उथळ, शिंपल्यासारखे खळगे दिसतात. दोघांनी मिळून ओढलेल्या मोठ्या करवतीच्या रेषा सरळ, पण कमीअधिक तिरक्या असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या रेषा कमानीसारख्या वळतात. कुसवाची रिकामी खाच दिसली, तर ते लाकूड पूर्वी दुसऱ्या सांगाड्यात बसवलेले होते, असे समजावे.

५/ महाराष्ट्रातील लाकडावरचा अतिशय प्राचीन लेख पाहायचा तर लोणावळ्याजवळील भाजे लेण्यात जावे लागते. तेथील चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी फासळ्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लाकडांवरील दोन छोटे ब्राह्मी लेख प्रकाशात आणले. काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. दोन हजारांहून अधिक वर्षे लाकूडही टिकले आणि त्यावरची अक्षरेही.

६/ दुसरी परंपरा मेळघाटातील कोरकू समाजाची. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ सागाची कोरीव फळी उभारतात, तिला ‘मुंडा’ म्हणतात. तीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले असतात. ही फळी झाडाखाली, उघड्यावर उभी राहते. ऊनपाऊस तिला झिजवणार, हे कोरणाऱ्याला आणि कुटुंबाला ठाऊक असते. येथे झीज ही स्मरणाचाच एक भाग आहे.

७/ आता चांद्याकडे. गडचिरोलीहून आलापल्ली-सिरोंचाकडे जाणारी वाट चामोर्शीवरून जाते. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाचा दगडी मंदिरसमूह आहे आणि त्यावरील शिल्पे पाहायला दुरून लोक येतात. त्याच वाटेने जाणाऱ्या सागाच्या ओंडक्यांकडे मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. त्या ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावरही काही कोरलेले, ठोकलेले असते. ते वाचायला शिकणे हाही इतिहासच आहे.

८/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १८६४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ डिट्रिश ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वसाहती सरकारचे वनखाते उभे राहिले. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० स्लीपर लागत. साग हे टिकाऊ लाकूड. जंगलाकडे आता घनफुटांच्या हिशेबाने पाहिले जाऊ लागले.

९/ या हिशेबाचे हत्यार होते हातोडा. एका तोंडाला उलटी अक्षरे किंवा चिन्ह कोरलेला हा पोलादी हातोडा लाकडावर मारला की ठसा उमटतो. तोडायच्या झाडाच्या बुंध्याची साल तासून तेथे ठसा, तोड झाल्यावर उरलेल्या थुटावर ठसा, ओंडक्याच्या तोंडावर ठसा. थूट आणि ओंडका यांची खूण जुळली, तर तोड कायदेशीर. वनखात्याच्या बोलीत आजही ‘हॅमर मारणे’ हाच शब्द आहे.

१०/ या ठशामागे कायद्याची ताकद होती. १८७८ च्या वन कायद्याची चौकट पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्यात आली आणि हा दुसरा कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार, नुकसान करण्याच्या किंवा गैरलाभाच्या हेतूने वनाधिकाऱ्याच्या खुणेची नक्कल करणे अथवा ती पुसणे हा गुन्हा ठरतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

११/ कलम ४५ त्याहून बोलके आहे. नदीतून वाहून आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले लाकूड, तसेच ज्यावरची खूण आगीने वा अन्य कारणाने पुसली गेली आहे असे लाकूड, हक्क सिद्ध होईपर्यंत सरकारी मालमत्ता मानले जाते. कलम ६९ सांगते की, वनोपज सरकारी आहे काय असा प्रश्न कारवाईत उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारीच समजावे. म्हणजे पुरावा देण्याचे ओझे लाकूड जवळ असणाऱ्यावर.

१२/ जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोंड-माडिया माणसासाठी याचा अर्थ काय? त्याच्या घराच्या खांबावर ठसा नव्हता, कारण तो आजोबांनी ज्या जंगलातून आणला, तेथे ठशाची रीतच नव्हती. मध्य प्रांतात ‘निस्तार’ या नावाखाली सरपण, बांबू, घरबांधणीचे लाकूड घेण्याची काही मुभा राहिली. पण हक्काची सवलत झाली आणि सवलतीला अटी आल्या.

१३/ स्वातंत्र्यानंतरही कायदा तोच राहिला. चांद्याचा साग नावाजत गेला आणि बल्लारपूरचे लाकूड आगार देशभर ओळखले जाऊ लागले. आलापल्लीचा जुन्या, उंच सागांचा राखीव पट्टा ‘वनवैभव’ म्हणून २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरला. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी येथील साग वाजतगाजत रवाना झाला. लाकडाचा सन्मान झाला. ज्यांच्या गावांभोवती ते वाढले, त्यांच्या हक्काचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने सुटू पाहत होता.

१४/ ती वाट धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावातून गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. १९२७ च्या कायद्यात मात्र बांबू ‘झाड’ या व्याख्येत होता. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद उरला.

१५/ २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सुमारे दीड शतक वनखात्याकडे असलेली परवानगीची सही गावाकडे आली. तरी मर्यादा लक्षात ठेवावी: हा अधिकार बांबूसारख्या गौण वनोपजाचा आहे. साग त्यात येत नाही. सागाच्या ओंडक्यावरचा हातोडा अजून खात्याचाच आहे.

१६/ आता पुन्हा भिंतीवरच्या पाटीकडे. झाडीपट्टीतील जुनी कवेलूंची घरे पाडली जात आहेत. त्यातून निघालेले खांब, चौकटी, तुळया रंधा मारून नव्यासारख्या केल्या जातात किंवा कापून ‘जुन्या’ पाट्या होतात. रंध्याच्या दोन हातांत वाकसाचे खळगे आणि कुसवाच्या खाचा नाहीशा होतात, आणि तोंडाकडून चार बोटे कापले तर असलाच एखादा ठसा, तोही जातो.

१७/ म्हणून घरातले जुने लाकूड निघाले, तर रंधा मारण्याआधी एवढे करावे: दोन्ही तोंडे ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, हत्यारांच्या खुणा टिपाव्यात, घर कोणी आणि कधी बांधले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. मग त्या फळीवर हवे ते नाव खुशाल रंगवावे. आधीची नावे आणि खुणा निदान कागदावर तरी राहतील.

१८/ आपल्या गावी जुन्या सागवानी खांबावर, दारावर किंवा तुळईवर एखादा ठसा, अक्षर वा चिन्ह असेल, तर गावाच्या नावासह त्याचे छायाचित्र खाली जोडावे. लाकडावरच्या खुणांची नोंद अशीच, घराघरांतून होऊ शकते. #इतिहास #गडचिरोली #चंद्रपूर