स्रोत मिळाला, बांधणार कोण?

खुल्या सॉफ्टवेअरचा इतिहास सांगताना ते कोणी लिहिले, याची नोंद आपण आवर्जून करतो. लिहिलेले कोण बांधते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. घरोघरी दिसणाऱ्या वायफायच्या डबीने, म्हणजे राउटरने, तो प्रश्न पुढे आणला.

२००२च्या डिसेंबरात लिंक्सिस कंपनीची ‘डब्ल्यूआरटी५४जी’ ही डबी बाजारात आली. तिच्या आत लिनक्स असल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले. लिनक्स ज्या परवान्याखाली मिळते, त्या जीपीएलच्या १९९१च्या आवृत्तीत स्रोताची व्याख्या दूरदृष्टीची आहे. नुसती प्रोग्रामची पाने म्हणजे स्रोत नव्हे. ती संकलित करून यंत्रावर बसवण्याच्या स्क्रिप्टही स्रोतातच धरल्या आहेत. साहित्य आणि कृती, दोन्हींवर ग्राहकाचा हक्क. दबाव वाढल्यावर २००३मध्ये कंपनीने स्रोत खुला केला आणि २००४च्या जानेवारीत त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही कार्यप्रणाली सुरू झाली.

हक्क मिळाला, तरी काम सोपे नव्हते. त्या डबीत साठवणीला ४ एमबी आणि स्मृती १६ एमबी. एवढ्याशा जागेत कार्यप्रणाली चालते, पण तयार होऊ शकत नाही. ती मोठ्या संगणकावर, दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी बांधावी लागते. आधी त्या प्रोसेसरची भाषा जाणणारा कंपायलर, मग लिनक्सचा गाभा, मग एकेक प्रोग्राम, शेवटी सगळे मिळून एक फाइल. कशानंतर काय बांधायचे, हे लिहून ठेवण्याची रीत जुनीच. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये ‘मेक’ केले ते याचसाठी.

पुढे डब्या शेकड्यांनी वाढल्या. एकाने एका डबीसाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या डबीची बांधणी मोडू लागली. दर बदलानंतर सगळ्यांसाठी बांधून पाहणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते. ब्रायन वॉर्नर यांनी २००३मध्ये आणलेला ‘बिल्डबॉट’ हेच राबते काम करतो: बदल दिसला की अनेक संगणकांना बांधणी वाटून देतो आणि कुठे बिघडले ते सांगतो. ओपनडब्ल्यूआरटीनेही तो स्वीकारला.

पण बिल्डबॉटलाही सांभाळणारा लागतो. मे २०१६मध्ये काही प्रमुख विकासकांनी ‘लीड’ नावाची वेगळी चूल मांडली. प्रकल्पाची यंत्रणा मोजक्या हातांत अडकली आहे, निर्णय उघडपणे होत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. प्रोग्राम सर्वांना खुला होता. सर्व्हरच्या किल्ल्या तेवढ्या नव्हत्या. फेब्रुवारी २०१७मध्ये लीडची पहिली आवृत्ती निघाली, आणि जानेवारी २०१८मध्ये दोन्ही प्रकल्प पुन्हा एक झाले. नाव जुने राहिले, काम करण्याची पद्धत बरीचशी नवी आली.

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हे परके वाटू नये. कोहळी समाजाने इथे तलाव बांधले, आणि ते टिकले ते गावाने पाळ, गाळ आणि पाणीवाटपाची कामे वाटून घेतली म्हणून. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालकी बदलली, पण पावसाळ्याआधी पाळ कोणी पाहायची, हे ठरवणारी गावची घडी विस्कटली. अनेक ‘मामा तलाव’ गाळाने भरत गेले. तलाव होते, राखणीची व्यवस्था नव्हती.

आजची ओपनडब्ल्यूआरटी त्या मूळ ४ एमबीच्या डबीत मावत नाही. मात्र जुन्या आवृत्त्यांचा स्रोत कृतीसह जपलेला आहे. कंपन्या काही वर्षांनी आपल्या डब्यांची दुरुस्ती थांबवतात, तेव्हा ग्राहकापुढे नवी डबी घेणे एवढाच मार्ग उरू नये, हे त्या कृतीमुळे शक्य होते. परवान्यातल्या हक्काचा उपयोग तेवढाच, जेवढी बांधणीची यंत्रणा चालू ठेवणारी माणसे मिळतील. त्यांची नावे डबीवर छापलेली नसतात. इतिहासात तरी त्यांच्या कामाची नोंद व्हावी.