‘एआय’ने दिलेला संशोधनाचा दाखला खरा आहे का? तपासा असा

“डॉक्टर, एआयने सांगितलं, संशोधनात सिद्ध झालंय,” असे म्हणत हल्ली अनेक रुग्ण मोबाइल पुढे करतात. अशा उत्तरावर विसंबून औषध बंद करण्याआधी पुढील माहिती जरूर वाचा.

भाषा मॉडेल म्हणजे काय?
प्रचंड मजकुरावरून शिकून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधणारी ही संगणक प्रणाली आहे. चॅटजीपीटी हे त्याचे परिचित उदाहरण.

संशोधनात उपयोग काय?
पबमेड या मोफत सूचीत साडेतीन कोटींहून अधिक वैद्यकीय लेखांच्या नोंदी आहेत. एवढे वाचणे कोणालाच शक्य नाही. 2019 मध्ये आलेले बायोबर्ट हे मॉडेल लेखांमधून आजार, औषधे, जनुके आणि त्यांचे परस्परसंबंध शोधण्यासाठी बनवले गेले. निबंधांची चाळणी, सारांश आणि भाषेची दुरुस्ती यांतही अशी मॉडेल्स मदत करतात.

धोका कुठे आहे?
मॉडेल शब्द जुळवते, सत्य पडताळत नाही. त्यामुळे लेखक, मासिक, वर्ष सगळे खरे वाटते, पण असा निबंधच अस्तित्वात नसतो. मेटा कंपनीने नोव्हेंबर 2022 मध्ये खुले केलेले गॅलेक्टिका हे विज्ञानविषयक मॉडेल चुकीची माहिती ठामपणे देते, अशी टीका झाली आणि तीन दिवसांत ते बंद करावे लागले. म्हणूनच वैद्यकीय मासिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 मध्ये स्पष्ट केले, की एआयला लेखक मानता येणार नाही, जबाबदारी माणसाचीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही (आयसीएमआर) त्याच वर्षी एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली.

तुम्ही काय कराल?
• निबंधाचे पूर्ण शीर्षक पबमेडवर शोधा. तेथे सापडले नाही तर मासिकाच्या संकेतस्थळावर पाहा. कुठेच नसेल तर तो दाखला धरू नका.
• निबंध सापडला तरी सारांश वाचा. प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर? किती जणांवर?
• निबंध मागे घेतला असल्यास पबमेडवर तशी सूचना असते, ती पाहा.
• नाव, फोन नंबर असलेले रिपोर्ट एआयवर टाकू नका.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा रक्त पातळ करण्याचे औषध अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. सापडलेला निबंध घेऊन डॉक्टरांकडे जा, प्रश्न विचारा; औषधातला बदल मात्र त्यांच्या सल्ल्यानेच करा.