निरपराधांची शिक्षा आणि विधी शाखेचे विद्यार्थी

नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये पाच जणांची हत्या झाली. या खटल्यात भटक्या जमातीतील सहाही जणांसाठी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशीची शिक्षा ठरविली. मात्र ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. जखमी प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्यांचा तपास झालाच नव्हता.

अशा चुका शोधण्याचे काम अमेरिकेत १९९२ पासून 'इनोसन्स प्रोजेक्ट' करीत आला आहे. न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयात त्याची सुरुवात झाली.

भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील विद्यार्थी २०१३ पासून देशभरातील कारागृहांत गेले. फाशीची शिक्षा झालेल्या ३८५ पैकी ३७३ कैद्यांची माहिती त्यांनी मिळविली. अनेकांनी उच्च न्यायालयातील आपल्या वकिलाला कधी पाहिलेही नव्हते. मे २०१६ मधील अहवालानुसार, २००० ते २०१५ या काळात फाशी ठोठावलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के कैदी पुढे निर्दोष सुटले. हा आकडा कोणत्याही न्यायव्यवस्थेला अस्वस्थ करणारा आहे.

विद्यार्थ्यांना न्यायालयात युक्तिवाद करता येत नाही. तो अधिकार सनदधारक वकिलांचा. त्यांच्या वाट्याला येते ते दप्तर चाळणे: पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, ओळखपरेडीच्या नोंदी, जुने शालेय दाखले. असा दाखला किती मोलाचा ठरतो, हे पुण्यातील १९९४ च्या सात जणांच्या हत्याकांडाच्या खटल्यात दिसले. यातील एका आरोपीची बाजू विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट ३९-अ' या गटाच्या वकिलांनी मांडली. राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून तो गुन्ह्याच्या वेळी अवघा १२ वर्षांचा असल्याचे सिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी त्याच्या सुटकेचा आदेश दिला. येथे प्रश्न निरपराधित्वाचा नव्हता, वयाचा होता. परंतु अल्पवयीनास कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते, आणि तो २८ वर्षे तुरुंगात होता.

नाशिक प्रकरणी प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई मिळाली, ती न्यायालयाच्या आदेशाने. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात भरपाईच्या कायदेशीर तरतुदीची शिफारस केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आयोगाने सुचविलेली व्यवस्था आलेली नाही.