३६० चौरस फुटांचा एक ठिपका: खाडीचा नकाशा कोण वाचतं?

नकाशे आणि उपग्रहचित्रं वाचणाऱ्यांच्या संस्थेच्या शाखेत नवे अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडून आले, अशी बातमी दिसली तर तुम्ही काय कराल? अंगठा फिरवाल आणि पुढे जाल. आज मी सांगतो, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्याने तिथे का थांबायचं.

सुरुवात देहरादूनला होते. १९६६ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने नेदरलँड्सच्या मदतीने तिथे हवाई फोटो वाचायला शिकवणारी संस्था उघडली. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःची सोसायटी काढली. तिच्या जर्नलचं नाव होतं ‘फोटोनिर्वाचक’. आज तिला इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग म्हणतात. मुख्यालय देहरादूनलाच आहे, आपल्याला जवळची म्हणजे मुंबई शाखा.

तेव्हा आपल्याकडे उपग्रह नव्हते. १९७० मध्ये पिशरोटींनी केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फोटो काढून नारळाच्या बागांमधला रोग शोधला. हे तेच पिशरोटी, जे १९६२ मध्ये पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. झाड हिरवं दिसतंय, पण आतून आजारी आहे, हे फोटोवरून कळू शकतं, हे तिथे सिद्ध झालं.

मग १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल होता ७२.५ मीटरचा. म्हणजे सव्वा एकराहून जास्त जमीन एका ठिपक्यात! १९९५ च्या आयआरएस-१सी ने तो ५.८ मीटरवर आणला. हिशोब करा: साधारण ३६० चौरस फूट. डोंबिवलीतला एक वन-आरके!

आता हे आकडे आपल्या खाडीवर ठेवून बघू.

६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी, म्हणजे आपली तिवरं, तोडायला बंदी घातली. तिवरांच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम आणि भराव थांबवला. राज्यातल्या खारफुटीचा उपग्रहचित्रांवरून नकाशा करायलाही सांगितलं. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालातही हे संरक्षण कायम राहिलं.

गंमत बघा. कायद्याची रेषा ५० मीटरची. जुन्या ७२.५ मीटरच्या पिक्सेलमध्ये ती अख्खी रेषा गडप झाली असती. पिक्सेल बारीक झाला म्हणून ती नकाशावर काढता आली.

पण पिक्सेल स्वतः बोलत नाही. फोटो भरतीच्या वेळचा असेल, तर लहान रोपं पाण्याखाली. हिरवं दिसतंय ते तिवर की नुसतं झुडूप? ‘ग्राउंड ट्रुथ’ नावाचा प्रकार त्यासाठीच असतो: कुणीतरी चिखलात उतरून बघायचं. आमच्या कोडिंगच्या भाषेत, टेस्टिंग केल्याशिवाय रिलीज नाही. इथे बग राहिला, तर मोठागावच्या खाडीकाठचा तिवरांचा पट्टा ‘मोकळी जमीन’ ठरू शकतो. उलटही होऊ शकतं, एखाद्याची शेतजमीन जंगलात जाते. २६ जुलै २००५ ला उल्हास खोऱ्यातलं पाणी कुठवर चढलं होतं, ते घरात कुणाला तरी विचारा. पाण्याला पसरायला जागा किती उरली, हे अशाच नकाशांवरून ठरतं.

म्हणून सोसायटीची शाखा महत्त्वाची. सरकारी खात्यातला माणूस, कॉलेजमधले प्राध्यापक, खासगी कंपनीतला इंजिनिअर एरवी एका टेबलावर येत नाहीत. शाखेच्या व्याख्यानात आणि वर्कशॉपमध्ये येतात. एकमेकांच्या नकाशातल्या चुका काढतात. त्या टेबलावर कुठले विषय येणार, हे निवडून आलेली मंडळी ठरवतात.

१५ फेब्रुवारी २०२१ पासून केंद्राने नकाशे करण्यावरची बरीच बंधनं काढली. भारतीय कंपन्यांना आधीच्या परवानग्या लागत नाहीत. म्हणजे नकाशे वाढणार. ते तपासणारे डोळेही तेवढेच वाढायला हवेत.

तर, पुढच्या वेळी अशी नावांची यादी दिसली की थांबा. आणि विचारा: साहेब, आमच्या खाडीत चिखलात कुणी उतरलं होतं का?

एपिसोड आवडला तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. म्हणजे, तुमच्या बिल्डिंगच्या सोसायटीच्या! भेटू पुढच्या भागात.