यू मुंबाचा बारावा हंगाम: दहा वर्षांची प्रतीक्षा संपेल का?

प्रो कबड्डी लीगचा बारावा हंगाम २९ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमला सुरू होत आहे. गणेश चतुर्थी त्याच्या दोनच दिवस आधी, २७ ऑगस्टला आहे. त्यामुळे पेणच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडून घराघरांत बसलेल्या असतील आणि आरती आटोपल्यावर मोबाईलवर सामने सुरू होतील. पेण आणि रोहा तालुक्यांत कबड्डी घरच्या खेळासारखी आहे. भातकापणी झाली की गावोगावी मातीची मैदाने तयार होतात आणि रात्री उशिरापर्यंत स्पर्धा रंगतात. मुंबई जवळ असल्यामुळे इथल्या प्रेक्षकाला ‘आपला’ वाटणारा संघ म्हणजे यू मुंबा. या संघाने शेवटचे विजेतेपद २०१५ मध्ये मिळवले. यंदा त्याला किती संधी आहे?

आतापर्यंतची वाटचाल

पहिले तीन हंगाम यू मुंबाचे होते. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली संघ तिन्ही वेळा अंतिम फेरीत पोहोचला. २०१४ मध्ये जयपूर पिंक पँथर्सकडून हार, २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सवर ३६-३० असा विजय आणि २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सकडून २८-३१ असा निसटता पराभव झाला.

त्यानंतर संघाला अंतिम फेरी गाठता आलेली नाही. सहाव्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईने चढायांचा धडाका लावला, पण संघ बाद फेरीत अडखळला. २०१९ च्या सातव्या हंगामात उपांत्य सामना बंगाल वॉरियर्सविरुद्ध अवघ्या दोन गुणांनी गेला. पुढचे तीन हंगाम संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

२०२४ च्या अकराव्या हंगामात गाडी रुळावर आली. २२ सामन्यांत १२ विजय, ८ पराभव आणि २ बरोबरी अशी कामगिरी करत संघ ७१ गुणांसह पाचवा आला. मात्र बालेवाडीत झालेल्या बाद फेरीत पाटणा पायरेट्सने त्याला ३१-२३ असे हरवले.

यंदा नियमांत काय बदलले?

संधीचा अंदाज बांधण्याआधी नवे नियम पाहावे लागतात, कारण जुन्या गुणतक्त्याचे गणित आता लागू नाही.

• प्रत्येक संघ साखळीत २२ ऐवजी १८ सामने खेळेल.
• विजयाला २ गुण, पराभवाला शून्य. आधी विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ गुण आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास १ गुण मिळत असे.
• साखळीतही सामना बरोबरीत सुटणार नाही. गुण समान झाल्यास पाच-पाच चढायांचा डाव होईल. तरीही कोंडी फुटली नाही, तर सुवर्ण चढाई.
• पहिल्या सहाऐवजी पहिले आठ संघ पुढे जातील. मात्र पाचव्या ते आठव्या संघाला जास्त सामने जिंकत वर यावे लागेल.

गेल्या हंगामात यू मुंबाच्या ७१ गुणांपैकी ६० गुण विजयांचे होते. उरलेले ११ बरोबरी आणि निसटत्या पराभवांतून आले होते. हा आधार यंदा नाही. एका गुणाने हरले काय किंवा वीस गुणांनी, हाती काहीच लागणार नाही. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत सामना हातात ठेवणारा संघच पुढे जाईल.

बलस्थान: बचाव

चुरशीच्या सामन्यात बचाव महत्त्वाचा ठरतो आणि यू मुंबाची मुख्य ताकद तीच आहे. कर्णधार सुनील कुमार उजवा मध्यरक्षक आहे. २०२२ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली जयपूरने विजेतेपद मिळवले. २०२४ च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी १ कोटी १.५ लाख रुपये मोजले होते. कोपऱ्यांत रिंकू आणि लोकेश घोसलिया आहेत. ही साखळी एकमेकांच्या सवयीची आहे, आणि पकडीत एकाने पाऊल टाकल्यावर दुसरा वेळेवर पोहोचतो तो सवयीनेच.

मुख्य प्रशिक्षकपद राकेश कुमारकडे आहे. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता आणि पूर्वी यू मुंबाकडूनच खेळला होता.

चिंता: चढाईतली खोली

चढाईची मदार अजित चौहान आणि इराणचा अष्टपैलू अमीरमोहम्मद जफरदानेश यांच्यावर आहे. दोघेही गुण मिळवून देतात, पण त्यांच्यामागे तेवढ्याच भरवशाचा तिसरा चढाईपटू लागेल.

नव्या नियमामुळे ही उणीव अधिक जाणवू शकते. पाच चढायांच्या डावात पाच वेगवेगळ्या खेळाडूंना चढाई करावी लागते. निदान रेषा हीच बोनस रेषा होते. कोणी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजले जातात. इथे एकटा हुकमी चढाईपटू पाचपैकी एकाच चढाईला उपयोगी पडतो. उरलेल्या चारांनी काय केले, यावर निकाल लागतो.

रायगडच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नाही. गावच्या स्पर्धांत बाद फेरीचे सामने वर्षानुवर्षे असेच सुटत आले आहेत. पाचव्या चढाईला कोणाला पाठवायचे, यावर मैदानाबाहेर रंगणारे वाद आता प्रो कबड्डीबाबतही ऐकू येतील.

समोर कोण?

महाराष्ट्राचाच दुसरा संघ, पुणेरी पलटण, सोपा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने दहावा हंगाम जिंकला होता. गेल्या वर्षी तो दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहिला आणि संघ आठवा आला. हरियाणा स्टीलर्स गतविजेते आहेत. गुजरात जायंट्सने लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी तब्बल २ कोटी २३ लाख रुपये मोजले.

आणखी एक अडचण आहे. यंदाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत आहेत. मुंबई-पुण्यात एकही साखळी सामना नाही. पेण-रोह्याहून गाडी पकडून सामना पाहून यावे, अशी सोय या वर्षी नाही आणि संघालाही घरच्या प्रेक्षकांचा आवाज मिळणार नाही.

मग संधी किती?

पहिल्या आठांत येण्याइतका हा संघ नक्कीच चांगला आहे. पहिल्या चारांत येण्यासाठी तिसरा चढाईपटू उभा राहावा लागेल. विजेतेपदाचा विचार त्यानंतर. पहिल्या काही सामन्यांत अजित बाद होऊन बाहेर बसल्यावर गुण कोण आणतो, हे पाहावे. तिथे नवे नाव दिसू लागले, तर दहा वर्षांची प्रतीक्षा संपण्याची आशा धरायला हरकत नाही.