पेन्सिल धरायची 'बरोबर' पद्धत खरंच एकच असते का?

आज ऐकता ऐकता एक गंमत करा. ज्या हाताने लिहिता, त्याचा कोपराखालचा भाग दुसऱ्या हाताने धरा आणि नुसती बोटं हलवा. आत काहीतरी सरकतंय ना? बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतातच. काही तळहातात असतात, पण मोठे स्नायू इथे, कोपराखाली. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत जातात. म्हणूनच पेन्सिल आवळली की दुखणं मनगटाच्याही वर चढतं.

मला हे चौथीत कळलं असतं तर बरं झालं असतं. मी पेन्सिल तीनऐवजी चार बोटांनी धरायचो. बाई फूटपट्टी उभी करून बोटांवर मारायच्या. मग मी घाबरून आणखी आवळून धरायचो आणि अक्षर आणखी बिघडायचं!

लिहून हात दुखणं हे जुनंच रडगाणं. इटलीतला डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी याने 1713 मध्ये लेखनिकांच्या दुखण्यांवर लिहिलं. त्याने तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावरचा ताण. त्याच्या ओळखीच्या एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली. काही दिवसांत तोही गेला! पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कारकुनांचे हात आखडू लागले, तेव्हा खापर फुटलं नव्या स्टीलच्या निबवर. आज डॉक्टर अशा आखडण्याचं मूळ मेंदूच्या हालचालींवरच्या नियंत्रणात शोधतात.

अमेरिकेत ऑस्टिन पामरने वेगळा उपाय काढला. 1894 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की बोटं लवकर थकतात, म्हणून कोपराखालचा मांसल भाग बाकावर टेकवा आणि अख्खा हात फिरू द्या. तिथल्या शाळांत पोरं पानंच्या पानं गोल आणि उभ्या रेघा गिरवायची.

आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून आधी आडवी रेघ ओढायचे आणि मग तिच्याखाली बोरूने, हात फारसा न उचलता, झरझर लिहीत जायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे रुमालच्या रुमाल आहेत. दिवसभर लिहिणाऱ्याला हात वाचवावाच लागतो.

मग तीन बोटांचं काय? अंगठा, तर्जनी आणि खाली मधल्या बोटाचा टेकू, या पकडीत छोट्या हालचाली सोप्या होतात, हे खरं. पण 2012 मध्ये कॅनडात चौथीच्या 120 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन आणि चार बोटांच्या मिळून चार पकडी तपासल्या. वेग आणि वाचनीयता, दोन्हींत पकडीमुळे खास फरक दिसला नाही.

म्हणजे माझी चार बोटं गुन्हेगार नव्हती. माझं आवळणं होतं, आणि ते भीतीतून आलं होतं. रामाझिनीने 'डोक्यावरचा ताण' उगाच नव्हता लिहिला.

घरात कुणी छोटं गिरवत बसलं असेल, तर त्याची बोटं मोजू नका. हात दुखतोय का, एवढंच विचारा. दुखत असेल तर पकड सैल करायला सांगा, थोडी विश्रांती द्या. आणि फूटपट्टी? ती रेघा मारायला ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात!