दोन दांड्या, एक दांडी

१९८४ साली डेटा ईस्ट या जपानी कंपनीचा ‘कराटे चॅम्प’ हा खेळ आर्केडमध्ये आला. नाणे टाकून खेळायच्या त्या कपाटाएवढ्या यंत्रावर ठोशासाठी किंवा लाथेसाठी बटण नव्हते. प्रत्येक खेळाडूपुढे दोन जॉयस्टिक असत. दोन्ही हातांनी दोन दांड्या कोणत्या दिशांना ढकलल्या, त्या जोडीवरून ठोसा, लाथ किंवा कोलांटी ठरे. पांढऱ्या आणि तांबड्या पोशाखातले दोन लढवय्ये, एक पंच, अर्धा गुण, पूर्ण गुण. पुढे ज्यांना ‘फायटिंग गेम’ म्हणू लागले, त्यांचा बराचसा साचा इथे तयार झाला.

हा खेळ घरच्या संगणकावर आणायचा तर पहिली अडचण हाताचीच. कमोडोर ६४ च्या जॉयस्टिकला एक दांडी आणि एक बटण. दांडीच्या दिशा आठ. बटण दाबून धरले तर आणखी आठ. या सोळा जागांत चालणे, उडी, लाथा, ठोसे, बचाव सगळे बसवायचे. म्हणजे मूळ खेळातल्या हालचाली नुसत्या उतरवून भागत नाही, त्यांची बाराखडीच नव्याने मांडावी लागते.

दुसरी अडचण चित्रांची. कमोडोरमध्ये पडद्यावर सहज हलवता येणारी आठ चित्रे मिळत, त्यांना स्प्राइट म्हणत. एकेक २४ बाय २१ ठिपक्यांचे. लढवय्या एवढ्यात मावत नाही, म्हणून तो जोडून जोडून करायचा. एका स्प्राइटमध्ये एकाहून अधिक रंग हवे तर आडवे ठिपके निम्मे होत. सिंक्लेअरच्या ४८ के. स्पेक्ट्रममध्ये तेवढेही सुख नव्हते. त्यात स्प्राइट नव्हते. प्रत्येक लाथ झेड ८० प्रोसेसरने स्वतः रंगवायची, आणि पडद्याच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग. दोन माणसे एकमेकांना भिडली की एकाचा रंग दुसऱ्याच्या पायावर सांडे. लढाईच्या खेळात माणसे भिडणारच! पुष्कळ प्रोग्रामरांनी मग रंगांचा नाद सोडला आणि हालचालीवर जीव टाकला. मला वाटते त्यांचे बरोबर होते. त्या काळी रूपांतर करणाऱ्याच्या हाती मूळ प्रोग्राम बहुधा पडतच नसे. यंत्रासमोर उभे राहून, खेळून, डोळ्यांनी टिपून घ्यायचे. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. मूळ पुस्तक न उघडता, कुणाकडून ऐकून अनुवाद करायला सांगितले तर मी काम नाकारीन.

मग यात कुणाचे काय? हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला. लंडनच्या सिस्टिम थ्रीचा ‘इंटरनॅशनल कराटे’ एपिक्स कंपनीने तिथे १९८६ मध्ये ‘वर्ल्ड कराटे चॅम्पियनशिप’ या नावाने विकायला काढला. कमोडोरवरची आवृत्ती आर्चर मॅक्लीन यांची. डेटा ईस्टने आपल्या खेळाची कमोडोर आवृत्ती काढली होतीच. त्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने पंधरा साम्ये मोजली: पुढची-मागची कोलांटी, तीस सेकंदांची फेरी, उरलेल्या प्रत्येक सेकंदाला शंभर गुण, पंचाचे ‘बिगिन’ आणि ‘स्टॉप’. निकाल एपिक्सच्या विरुद्ध गेला.

१९८८ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. ही साम्ये मुळात कराटेतूनच येतात, असे न्यायाधीश म्हणाले; आणि पुढे त्यांनी जे जोडले ते मला फार आवडते. कमोडोरचीही बंधने आहेत: स्प्राइट वापरावे लागतात, रंग मर्यादित, एका चित्रात अनेक रंग घालणे अवघड. यंत्राची गरिबी बचावाच्या कामी आली. ‘कराटे चॅम्प’ घेणाऱ्यांचे सरासरी वय साडेसतरा आणि ते बहुतेक मुलगेच, याचीही नोंद निकालात आहे. असा चोखंदळ मुलगा या दोन खेळांना एकसारखे समजणार नाही, असे कोर्टाने ठरवले.

याच सुमारास मी बारा वर्षांची होते आणि मुलगी होते. इंदूरला माझ्या मावसभावाकडे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ होता, सिंक्लेअरच्या यंत्राची भारतात परवान्याने निघालेली आवृत्ती. दादाने कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतलेला ‘द वे ऑफ द एक्सप्लोडिंग फिस्ट’ त्यावर चालत असे. मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरचा, १९८५ चा. ‘कराटे चॅम्प’चे नाव नाही, परवाना नाही, पण वळण तेच. गुणांसाठी यिन-यांगची चिन्हे, अर्धी आणि पूर्ण. टेप रेकॉर्डर किंचाळत असताना मावशी स्वयंपाकघरातून विचारायची, “अरे, झालं का तुमचं?” मग दहा मिनिटांत दादा मला चार वेळा पाडायचा. मागे सरकत राहायचे, तो पाय उचलेपर्यंत थांबायचे आणि मग खालून झाडायचे, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. चौथ्या दिवशी तो हरला आणि वीज गेली असे म्हणाला. गेली नव्हती.

पुढे परवाने रीतसर झाले. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला आर्केडमध्ये सहा बटणे होती. दोन वर्षांनी त्याची अधिकृत आवृत्ती स्पेक्ट्रमवरही आली. नावे तीच, माणसे ओळखू येतात. पण लढत संपली की पुन्हा टेप लावून वाट पाहायची. ठोसा आणि त्याचे उत्तर यांच्यात जे काही होते, ते तिथे मला सापडले नाही.

खरा ‘कराटे चॅम्प’ मी चाळिशीनंतर पाहिला, परदेशात, जुन्या यंत्रांच्या एका प्रदर्शनात. दोन दांड्या हातात घेतल्या आणि डाव्या हाताने काय करायचे ते मला समजेना. अंगठा सारखा बटण शोधत होता. शेजारी उभा असलेला मुलगा, साडेसतराचा असेल-नसेल, म्हणाला की हे मूळ यंत्र आहे. मी मान हलवली आणि दुसरे नाणे टाकले.